ब्रेकवाल्या माणसाची गाडी: मेलबर्नच्या लुना पार्कमधला १९१२ सालचा लाकडी रोलर कोस्टर नीट कसा पाहावा

मेलबर्नला मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या घरांत दर उन्हाळ्यात निघतो. उत्तरं ठरलेली असतात: ग्रेट ओशन रोड, फिलिप बेटावरचे पेंग्विन, डँडेनाँगचे डोंगर. मी सेंट किल्डा या समुद्रकाठच्या उपनगरातलं लुना पार्क हे मनोरंजन पार्क सांगतो, तर समोरचा माणूस म्हणतो, "ते तर लहान मुलांचं." जाऊन आलेलेही पुष्कळ जण सांगतात, "छोटंच आहे हो, तासाभरात संपलं."

छोटं आहे हे खरंच. एका फेरीत अख्खं पार्क पायाखालून जातं. पण तासाभरात ते संपलं असेल, तर तिथली मुख्य गोष्ट तुम्ही पाहिलीच नाही. ती आहे पार्कला बाहेरून वेढा घालणारी पांढऱ्या लाकडी सांगाड्यावरची गाडी, 'सीनिक रेल्वे'. आणि त्या गाडीतही पाहायचा असतो तो मधोमध उभा राहून हाताने ब्रेक मारणारा माणूस. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. वाईच्या पसरणी घाटात त्यांनी आयुष्याची अर्धी नोकरी काढली. हा ब्रेकवाला मला त्यांनी दाखवला. तोवर मी त्याच गाडीत दोनदा बसून आलो होतो आणि मला तो दिसलाच नव्हता. म्हणून हा लेख. पार्क छोटं असेल तेव्हा दिवस कसा आखायचा, कुठे थांबायचं आणि काय सोडायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी ही गाडी समजून घ्या

घरून निघण्यापूर्वी हे सगळ्यांना, विशेषतः मुलांना सांगा. माहीत नसताना बसलात तर जुनी, खडखडणारी, जेमतेम वेगाची गाडी एवढंच हाती लागेल.

लुना पार्क १३ डिसेंबर १९१२ रोजी उघडलं. नाव अमेरिकेतून आलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली लुना पार्क नावाचं पार्क सुरू झालं होतं. ते इतकं गाजलं की जगभर त्याच नावाची पार्क निघाली. मेलबर्नचं पार्क उभं करणारा जे. डी. विल्यम्स हा अमेरिकन होता. पुढे अमेरिकेला परतल्यावर फर्स्ट नॅशनल ही चित्रपट कंपनी काढणाऱ्यांत तो होता. त्याच्यासोबत फिलिप्स बंधू होते आणि आखणी टी. एच. एस्लिक याची. कोनी आयलंडचं मूळ लुना पार्क १९४४च्या आगीत गेलं. मेलबर्नचं अजून उभं आहे आणि व्हिक्टोरिया राज्याच्या वारसा यादीत आहे.

सीनिक रेल्वे पार्कइतकीच जुनी. जगात खंड न पडता चालत आलेला सर्वांत जुना रोलर कोस्टर म्हणून तिची ओळख आहे. 'खंड न पडता' हे शब्द महत्त्वाचे, कारण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावचा 'लीप द डिप्स' १९०२चा, म्हणजे दहा वर्षांनी मोठा आहे. पण तो १९८५ ते १९९९ बंद पडून होता.

'सीनिक रेल्वे' हा शब्दही जुनाच. लामार्कस थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने १८८४ साली कोनी आयलंडवर उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली. मग तिच्या वाटेवर बोगदे, रंगवलेले डोंगर, देखावे आले, आणि देखाव्यांमधून जाणारी म्हणून ती 'सीनिक'. मेलबर्नची गाडी त्या थॉम्पसन घराण्यातली. आज खरा देखावा समुद्राचा आहे. मार्ग ९६७ मीटर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. चढावर गाडीला वर ओढून नेतात. माथा ओलांडला की पुढचा सगळा प्रवास उताराच्या जोरावर. इंजिन नाही.

आता ब्रेकवाल्याची गोष्ट. आजच्या रोलर कोस्टरच्या डब्याला तीन तऱ्हेची चाकं असतात: रुळावर चालणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाखालून धरणारी. खालच्या चाकांमुळे डबा कितीही वेगात उंचवट्यावरून गेला तरी रुळावरून सुटत नाही. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकन आखणीकाराने शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केली. त्याचं पेटंट १९१९चं. सीनिक रेल्वे त्याआधीची आहे. तिचे डबे रुळावर नुसते बसलेले असतात, आणि वळणावर बाजूची चाकं कडेच्या फळ्यांना घासत डब्याला वाटेवर ठेवतात. खालून धरणारं काही नाही. म्हणजे वेग एका मर्यादेबाहेर जाऊ देऊन चालत नाही.

वेग कमी ठेवला की झालं, असंही नाही. गाडीला पुढचा चढ स्वतःच्याच वेगावर चढायचा असतो. ब्रेक जास्त लागला तर ती मध्येच अडेल. हवा तापलेली असली की वंगण पातळ होतं आणि गाडी पळते, थंडीत जडावते. डबे भरलेले की रिकामे, वारा समोरून की पाठीमागून, लाकूड कोरडं की दमट, या सगळ्याने दर फेरीचा वेग बदलतो. हा हिशोब करणारं यंत्र गाडीवर नाही. डब्यांमध्ये उभा असलेला एक माणूस लांब दांडा धरून तो हिशोब अंगाने करतो. आपल्याकडे नेरळ-माथेरान गाडीच्या डब्यांवर ब्रेक सांभाळणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

अशा हातब्रेकच्या जुन्या गाड्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. कोपनहेगनच्या टिव्होली बागेतली १९१४ची आणि इंग्लंडात ग्रेट यार्मथची १९३२ची, या त्यांतल्या ठळक. मेलबर्नची यांच्याहून थोरली.

दिवस कोणता

लुना पार्क रोज उघडं नसतं. सर्वसाधारणपणे शनिवार-रविवार, सार्वजनिक सुट्ट्या आणि शाळांच्या सुट्ट्यांत ते चालू असतं. आधल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ पाहा. आई-बाबांना घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता आणि फाटक बंद होतं. त्या दिवशी आम्ही बाहेरूनच चक्कर मारली. तिचा फायदा कसा झाला ते पुढे सांगतो, पण सत्तरीच्या माणसांना दीड तास प्रवास करून बंद फाटक दाखवणं बरं नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: पार्क चालू आहे म्हणजे सीनिक रेल्वे चालू आहेच असं नाही. शंभरी ओलांडलेल्या लाकडी सांगाड्याला सतत देखभाल लागते. खांब बदलावे लागतात, फळ्या बदलाव्या लागतात, रंग द्यावा लागतो. मोठं काम निघालं की गाडी पुष्कळ दिवस उभी राहते. तिकीट काढण्याआधी ती त्या दिवशी चालणार आहे का, हे वेबसाइटवर पाहा. तिथे कळलं नाही तर फोन करून विचारा. ती बंद असेल आणि तुम्ही तिच्यासाठीच जाणार असाल, तर दिवस बदला.

ऋतू म्हणाल तर इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवस मोठे, सूर्य डिसेंबर अखेरीस पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, पण गर्दी दांडगी. माझी पसंती मार्च आणि नोव्हेंबरला. हवा मवाळ, रांगा आटोपशीर. हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, पाचनंतर लगेच काळोख होतो आणि समुद्रावरून येणारा वारा हाडांत शिरतो. भारतातून आलेल्या वयस्कांना मी त्या दिवसांत तिथे नेत नाही.

मेलबर्नमध्ये एका दिवसात चारही ऋतू होतात, हे इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर ते अक्षरशः खरं ठरतं. सकाळी निरभ्र दिसलं तरी वारा अडवणारं एक जाकीट प्रत्येकाकडे हवंच. पाऊस आला किंवा वारा सुटला की गाडी थांबवतात. अशा वेळी वैतागू नका. ओल्या ब्रेकवर या गाडीचा भरवसा धरायचा नसतो, हे वर सांगितलेल्या रचनेवरून कळेलच.

तिकीट

दर इथे देत नाही, कारण तिकिटांची पद्धत आणि किमती दोन्ही बदलत असतात. काढताना मात्र चार गोष्टी पाहा. तुम्ही घेताय ते नुसतं प्रवेशाचं आहे की पाळण्यांसकट? पाळण्यांसकट असेल तर सीनिक रेल्वे त्यात कितीदा बसू देतात? ठरावीक वेळेचं तिकीट आहे की दिवसभराचं? आणि मुलांसाठी उंचीची अट काय?

ही शेवटची बाब घरीच मिटवा. दाराच्या चौकटीला पाठ लावून मुलाची उंची मोजा आणि वेबसाइटवरच्या प्रत्येक पाळण्याच्या अटीशी ताडून पाहा. रांगेत अर्धा तास उभं राहून पट्टीपाशी दोन सेंटिमीटरने नापास झालेलं मूल समजावणं अवघड असतं. उंची कमी पडत असेल तर त्याला आधीच सांगा: "ती मोठी गाडी आपण बाहेरून पाहणार आणि तू घोड्यावर बसणार."

बसायची इच्छा नसलेल्या आजी-आजोबांसाठी सगळ्यांत महाग तिकीट काढू नका. त्यांना काय काय करायचं आहे ते विचारा आणि तेवढंच घ्या.

कसं जायचं

गाडी घेऊन जाऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला. सुट्टीच्या दिवशी सेंट किल्डाला पार्किंगसाठी घिरट्या घालण्यात तासभर जातो आणि जागा मिळाली तर ती महाग असते.

टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी अशा पश्चिमेकडच्या उपनगरांतून येणाऱ्यांनी रेल्वेने सदर्न क्रॉस स्टेशन गाठावं आणि बाहेर येऊन ९६ नंबरची ट्राम धरावी. पाटीवर 'सेंट किल्डा बीच' हवं. ईस्ट ब्रन्सविककडे जाणारी उलट्या दिशेची. साधारण पंचवीस मिनिटांत ट्राम लुना पार्कपाशी सोडते. शहराच्या मध्यात, स्वॉन्स्टन स्ट्रीटवर असाल तर १६ नंबरची ट्रामही तिथून जाते. निघताना ॲपवर बदल पाहा. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं निघतात.

९६ची वाट मुद्दाम लक्ष देऊन पाहा. शहर सोडल्यावर ती रस्त्यावरून उतरते आणि स्वतंत्र रुळांवरून, झाडांच्या मधून जाते. ती सेंट किल्डाची जुनी रेल्वे आहे. १८५७ साली सुरू झालेली ही आगगाडीची लाइन १९८७मध्ये ट्रामसाठी वापरायला घेतली. जुन्या रेल्वेवरून जुन्या रेल्वेकडे जाणं माझ्या वडिलांना फार आवडलं.

मायकी, म्हणजे इथलं ट्राम-रेल्वेच्या भाड्याचं कार्ड, ट्राममध्ये मिळत नाही, ते आधी स्टेशनवर किंवा दुकानात घेऊन पैसे भरून ठेवा. शहरातल्या फुकट ट्रामच्या पट्ट्यात सेंट किल्डा येत नाही. पाहुण्यांची गल्लत नेमकी इथे होते, म्हणून चढल्याबरोबर प्रत्येकाचं कार्ड टेकवून घ्या.

आत शिरू नका, आधी बाहेरून फेरी मारा

ट्राममधून उतरलात की समोर तो चेहरा दिसेल: 'मिस्टर मून', आ वासलेला प्रचंड चांदोमामा, दोन्ही बाजूंना मनोरे. त्याच्या तोंडातून आत जायचं असतं. मुलं तिकडेच पळतील. त्यांना पाच मिनिटं थोपवा आणि पार्कच्या बाहेरून एक फेरी मारा. आमच्या त्या मंगळवारच्या चकरेत मला कळलं की या गाडीची बांधणी सर्वांत चांगली बाहेरून दिसते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कॅव्हेल स्ट्रीटच्या बाजूने चालायला लागा, मागे शेक्सपिअर ग्रोव्हकडे वळा आणि ओडॉनेल गार्डन्समधून परत पुढे या. डोक्यावर लाकडी खांब, आडव्या तुळया आणि तिरपे वासे यांची जाळी दिसेल. जवळ जाऊन पाहा. खांब एकसंध वाटतात, पण एवढा जुना सांगाडा तुकड्या-तुकड्याने बदलत आणत टिकवलेला असतो. जुन्या वाड्यात कुजलेली तुळई काढून नवी बसवतात, बाकीचं घर तसंच राहतं, तसंच हे. त्यामुळे यातलं मूळ लाकूड किती, या वादात मी पडत नाही. आखणी, वाट आणि चालवायची रीत १९१२ची आहे, हे माझ्यासाठी पुरेसं आहे.

एखाद्या वळणाखाली थांबा आणि गाडी येऊ द्या. आधी लांबून खडखडाट ऐकू येतो, मग जाळी थरथरते. हे थरथरणं पाहून आई घाबरली होती. घाबरण्याचं कारण नाही. लाकडी सांगाडा थोडा हलण्यासाठीच बांधलेला असतो. तो हलून जोर पचवतो. आणि डबे पुढ्यातून जाताना मधल्या उभ्या माणसाकडे पाहा. सगळे बसलेले आणि एकटा तो उभा.

बाबांनी त्या दिवशी पार्क बंद असल्यामुळे फक्त रिकामा सांगाडा पाहिला. शनिवारी परत आलो तेव्हा ते या वळणाखाली चार गाड्या जाईपर्यंत हलले नाहीत. चौथी गेल्यावर म्हणाले, "प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी ब्रेक सोडतोय रे तो. ब्रेक लावायला कुणीही शिकतो. सोडायचा कुठे, ते कळायला वर्षं जातात." मग आम्ही आत गेलो.

गाडीत बसताना

आत गेल्यावर इतर पाळण्यांकडे न वळता आधी सीनिक रेल्वेची रांग धरा. उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत हलका असतो. दुपारी जेवणानंतर रांग वाढते.

रांगेत असतानाच अंगावरचं सगळं आवरा. ओढणी आणि पदर खोचून घ्या, लांब मंगळसूत्र आत घाला, चष्म्याला दोरी नसेल तर काढून बंद खिशात ठेवा. मोबाइल हातात धरायचा नाही. फोटो बाहेरून पुष्कळ येतात. आत असताना दोन्ही हात मोकळे हवेत. चप्पल असेल तर मागे पट्टा असलेली. साडी नेसून बसता येतं का, असं मला दोन-तीन काकूंनी विचारलं आहे. पायरी चढून डब्यात पाय टाकावा लागतो आणि पाय नीट रोवून बसावं लागतं, म्हणून त्या दिवशी पंजाबी ड्रेस बरा.

मानेचा किंवा कमरेचा त्रास, हृदयाचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर बसू नका. वेग पाहून अनेकांना वाटतं की ही तर हळू गाडी. पण लाकडी रुळाचे धक्के बारीक आणि सतत असतात, बाजूची चाकं फळ्यांना लागतात तेव्हा अंग आडवं हादरतं. माझ्या आईला मणक्याचा त्रास आहे. ती बसली नाही, आणि तिने बाकावरून हात हलवला तेही आमच्या फेरीचाच भाग झाला.

कुठे बसायचं? नियम साधा आहे. पुढे बसलात तर दृश्य मोकळं मिळतं. मागे बसलात तर उताराचा ओढा जास्त जाणवतो, कारण पुढचे डबे आधीच उतरू लागलेले असतात आणि मागच्याला माथ्यावरून खेचून नेतात. आणि मध्ये, ब्रेकवाल्याच्या जवळ बसलात तर त्याचे हात दिसतात. जागा निवडू देतात का, हे त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांवर असतं. नम्रपणे विचारा; नाही म्हणाले तर वाद नको.

पहिल्या फेरीत काहीही ठरवून पाहू नका. समोरची दांडी धरा, पाठ टेकवा, दात सैल मिटलेले ठेवा आणि गाडी नेईल तिकडे जा. चढावर ती सावकाश वर जाते आणि मग एका वळणावर पोर्ट फिलिपचा उपसागर अचानक सगळा समोर येतो: निळं-करडं पाणी, होड्यांच्या डोलकाठ्या, नारळासारखी दिसणारी ताडाची झाडं. मग उतार. उतार फार खोल नाहीत, पण एकामागून एक येतात. उभं राहू नका, हात बाहेर काढू नका. हे सगळीकडेच सांगतात. इथे सांगाड्याच्या तुळया खरोखर जवळून जातात.

दुसरी फेरी, आणि तीच खरी

तिकिटात बसत असेल तर दुसऱ्यांदा नक्की जा, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. या वेळी डोळे ब्रेकवाल्यावर ठेवा.

तीन गोष्टी पाहा. एक, तो दांड्यावर जोर कुठे देतो: उतार सुरू झाल्यावर की त्याच्या आधी? दोन, वळणाआधी तो स्वतःचं वजन कुठल्या पायावर घेतो. त्याला धरायला दांडाच आहे, म्हणजे ब्रेक आणि आधार एकच. तीन, शेवटी फलाटाशी गाडी कशी आणतो. बस थांब्याला लावताना प्रवाशाच्या हातातला चहा सांडू न देणं हीच ड्रायव्हरची परीक्षा, असं बाबा म्हणायचे. दुसऱ्या फेरीत आमची गाडी फलाटाला इतकी हळुवार लागली की ती थांबली कधी, ते कळलं नाही. उतरताना बाबांनी त्या तरुण मुलाला मराठीतच "छान मारली गाडी" म्हटलं. त्याला शब्द कळले नसतील, पण तो हसला आणि त्याने दांड्यावरचा हात काढून बाबांपुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला.

सकाळच्या आणि दुपारच्या फेरीतला फरकही जाणवतो का ते पाहा. तापलेल्या दुपारी गाडी मोकळी धावते. मुलांना हा प्रयोग म्हणून द्या. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं घर्षण त्यांना याहून नीट कुठे कळणार नाही.

बाकीच्यातलं काय घ्यायचं

कॅरोसेल सोडू नका. हे घोड्यांचं चक्र १९१३ साली फिलाडेल्फियात बनलं, सिडनीच्या व्हाइट सिटी पार्कमध्ये आलं आणि १९२३ साली इथे. ६८ लाकडी घोडे आणि दोन रथ. लहान मुलं, वयस्कर माणसं, पाय अवघडलेले, सगळ्यांना यात जागा आहे. ज्यांना घोड्यावर चढता येत नाही त्यांच्यासाठी रथ. बसण्याआधी कडेने एक चक्कर मारून घोड्यांची कोरीव कामं पाहा. अशा चक्रांत घोड्याची बाहेरची, लोकांना दिसणारी बाजू कारागिराने जीव ओतून कोरलेली असते: आयाळ, खोगीर, झालर. आतली बाजू त्या मानाने साधी. सर्वांत सजवलेले घोडे बाहेरच्या रांगेत. आत दडलेल्या घोड्यासाठी धावण्यापेक्षा मुलाला बाहेरचा मिळवून द्या.

भुताची गाडी, म्हणजे घोस्ट ट्रेन, १९३४ची. अंधारात वळणं घेत जाते. भीती आजच्या मुलांना वाटेल असं नाही, पण आजोबांसोबत नातवंडांनी बसावं अशी ती आहे.

नवे, उंच फेकणारे, गोल गरगरवणारे पाळणेही आहेत. ते जगात कुठेही मिळतात. मोठ्या मुलांना आवडतील, त्यांना जाऊ द्या. माझ्या मते त्यांच्या रांगेत दिवस घालवू नये.

इथे 'बिग डिपर' नावाचा दुसरा लाकडी कोस्टरही होता, १९२३चा. तो १९८९ साली पाडला. दोन्ही लाकडीच, दोन्ही याच आवारातले. एक गेला आणि एक टिकला.

खाणं आणि समुद्र

पार्कात चिप्स, आइस्क्रीम असलं मिळतं. आम्ही डबा नेतो: धपाटे, लसणाची चटणी, काकडी. तो बाहेर ओडॉनेल गार्डन्सच्या हिरवळीवर खातो. सीगल पक्ष्यांपासून सांभाळा. ते हातातला घास उचलतात. बाहेर पडण्याआधी पुन्हा आत येता येतं का, हे फाटकावर विचारून घ्या आणि हातावर शिक्का किंवा पट्टा हवा असेल तर घ्या.

गोड खायचं असेल तर जवळच अ‍ॅकलंड स्ट्रीट आहे. युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी इथे केकची दुकानं थाटली, आणि काचेमागे रचलेले चीजकेक, कुगलहूफ नावाचे केक पाहायलाच लोक येतात. शाकाहारी असाल तर अंडं आणि जिलेटिन दोन्हीची चौकशी करा. अंडं चालणाऱ्यांनाही जिलेटिन चालतंच असं नाही.

पार्कच्या शेजारी १९२७चं पॅले थिएटर, आणि रस्ता ओलांडला की किनारा. सेंट किल्डाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाण्यात मावळतो. दादर-गिरगावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. टोपी आणि सनस्क्रीन मात्र गंभीरपणे घ्या. इथलं ऊन हवा गार असतानाही कातडी जाळतं, आणि भारतातून आलेल्या मंडळींना ते संध्याकाळी घरी गेल्यावर कळतं.

वेळापत्रक असं धरा

उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचून बाहेरची फेरी. उघडल्याबरोबर सीनिक रेल्वे. मग कॅरोसेल, घोस्ट ट्रेन. गर्दी वाढली की बाहेर जेवण आणि अ‍ॅकलंड स्ट्रीट. पुन्हा आत येऊन दुसरी फेरी. वयस्कर माणसं थकलेली असतील तर त्यांना सावलीतल्या बाकावर बसवून दोघांनी जा.

दुसरी फेरी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवू नका. पार्क बंद व्हायच्या आधीच रांग बंद करतात. निघताना, दिवे लागले असतील तर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन चांदोमामाचा फोटो घ्या. तिथून चेहरा, मनोरे आणि मागचा पांढरा सांगाडा एकत्र येतो. आमच्याकडच्या फोटोत बाबा चेहऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. वरून गाडी चाललेली होती आणि ते तिचा ब्रेक ऐकत होते.

परतीची ९६ त्याच थांब्याच्या समोरच्या बाजूला मिळते. संध्याकाळी भरून येते, म्हणून वयस्करांसोबत असाल तर एक ट्राम सोडा आणि पुढचीत बसायला जागा घ्या.